महिन्याचा किराणा स्वस्त आणूनही खर्च का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात चार माणसांचं घर, दोन मुलं शाळेत जाणारी. किराणा घाऊक बाजारातून येतो, तेल-साबण ऑफर पाहून घेतले जातात, तरी स्वयंपाकघराचा महिन्याचा खर्च १६,००० रुपयांच्या खाली येत नाही. आता आणखी काय कमी करायचं?

आधी काहीच कमी करू नका. पंधरा दिवस ओट्याजवळ एक वही ठेवा आणि तिच्यात तीन गोष्टी लिहा: काय टाकून द्यावं लागलं, बाहेरून काय आलं आणि कोणत्या वाराला आलं, आणि गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली. बहुतेक घरांत वहीतून एकच चित्र दिसतं. घाऊक बाजारात किलोमागे वाचवलेले चार-पाच रुपये भुंगे लागलेल्या डाळीत, फ्रीजच्या खणात काळ्या पडलेल्या कोथिंबिरीत आणि गुरुवारी रात्री ‘आज कंटाळा आलाय’ म्हणून मागवलेल्या जेवणात गेलेले असतात. चौघांचं एका वेळचं जेवण घरपोच आलं की ५००-६०० रुपये सहज जातात. तेवढ्यात चार किलो तूरडाळ येते. म्हणून स्वस्त कुठे मिळतं हे शोधणं थोडं मागे ठेवा आणि घरात आलेल्या मालातलं किती ताटात पोचतं, हे आधी बघा. (खाली जे भाव धरले आहेत ते हिशेबापुरते. तुमच्या दुकानाचे घालून गणित पुन्हा करा.)

गॅसपासून सुरुवात करतो, कारण तिथे मोजमाप सोपं आहे.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. टाकी ४५ दिवस पुरत असेल तर रोजचा खर्च साधारण ३१५ ग्रॅम. दोन वेळचा स्वयंपाक, नाश्ता आणि चहा धरून चौघांच्या घराला रोज २५० ते ३५० ग्रॅम लागणं ठीक आहे. टाकी तीस दिवसांतच संपत असेल तर दोष भाजी-पोळीचा नसतो, बहुतेक वेळा आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असतं. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला शेगडीवर सुमारे ६० ग्रॅम गॅस जळतो. चार बादल्या म्हणजे २४० ग्रॅम, महिन्याला सात किलोच्या वर. निम्मी टाकी आंघोळीतच गेली! हे पाणी गिझरवर तापवलं तर बादलीमागे अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, त्यामुळे फार मोठी बचत होत नाही. गच्चीवर सौर बंब बसण्यासारखा असेल तर तो, नाहीतर निदान पातेल्यावर झाकण आणि तापवायचं पाणी मोजून, एवढं तरी करा. उघड्या पातेल्यात वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते.

चहाचंही बघून घ्या. पाच कप चहाला, उगाच उकळत ठेवला नाही तर, ९-१० ग्रॅम गॅस लागतो. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी उठतात म्हणून दोन-दोन कपांचा चहा चार वेळा होत असेल, तर एकदाच करून थर्मासमध्ये भरणं बरं. सकाळचा चहा थर्मासमधला चालत नाही म्हणणारे घरात असतातच. त्यांचा स्वतंत्र करा, वाद घालू नका.

खरी बचत कुकरमध्ये आहे आणि सगळ्यांत जास्त चुकाही तिथेच होतात. कुकरमध्ये दाब तयार झाला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. एकदा दाब आला की आच मोठी ठेवून काहीच साधत नाही. जास्तीची उष्णता शिट्टीवाटे वाफ होऊन स्वयंपाकघरात जाते. ‘डाळीला चार शिट्ट्या, छोल्यांना आठ’ हे माप म्हणूनच फसवं आहे. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. गास्केट सैल असेल तर एक शिट्टी व्हायला वीस मिनिटं लागतात आणि डाळीची पेज होते. शिट्ट्या सोडा, घड्याळ धरा. शिट्टी उचलली जाऊ लागली की कुकर लहान बर्नरवर घ्या, आच इतकी बारीक करा की शिट्टी नुसती फुसफुसत राहील, आणि तिथून मिनिटं मोजा: अर्धा तास भिजवलेली तूरडाळ ८-१० मिनिटं, भात ५-६, रात्रभर भिजवलेले छोले १५-२०, राजमा २०. मग गॅस बंद. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची नाही. दाब आपोआप उतरायला १०-१५ मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात आतलं फुकटात शिजत असतं.

डब्यांची रचना अशी: तळाला दीड-दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात, आणि तिसरा डबा असेल तर त्यात बटाटे किंवा उद्याच्या भाजीचे वाल. चौघांना वरणासाठी एक सपाट वाटी तूरडाळ (साधारण १२५ ग्रॅम) आणि अडीच-तीन वाट्या पाणी पुरतं. डाळीत हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल आधीच घाला, फेस कमी येतो. हा फेसच वर चढून शिट्टीच्या नळीत बसतो. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, हे रोज बघावं; एक सेकंद लागतो. अॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तो तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटूक टाकलं की पडत नाही.

डाळ शिजतच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा डाळीबद्दलची नसते. एक तर टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधीच पडलेलं असतं. आंबटामुळे दाण्याची भिंत घट्ट राहते, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालायचं. दुसरं कारण बोअरचं जड पाणी, त्यातल्या कॅल्शियममुळे तेच होतं. डाळ-उसळ शिजवण्यापुरतं तरी पिण्याचं पाणी वापरा. तिसरं म्हणजे माल जुना. वर्षापेक्षा जुने छोले आणि राजमा कितीही भिजवा, कणकण राहतेच. सोड्याची चिमूट टाकली तर ते मऊ होतात, पण चवीत साबणासारखा वास उतरतो आणि ‘ब’ जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. जुने छोले दळून बेसनात खपवणं त्यापेक्षा शहाणपणाचं.

इंडक्शन घेऊ का, असं पुष्कळ जण विचारतात. हिशेब असा. एका टाकीतली एकूण उष्णता सुमारे १८० युनिटांएवढी असते. शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्यात जाते. इंडक्शनवर विजेतली ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे एका टाकीचं काम इंडक्शनवर १३० ते १४० युनिटांत होतं. टाकीची किंमत १३५ ने भागा. टाकी ९०० रुपयांना पडत असेल तर उत्तर येतं सुमारे ६ रुपये ६७ पैसे. तुमचं जास्तीचं युनिट त्याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन परवडतं. इथे वीजबिलातला सरासरी दर घेऊ नका; वाढीव वापर नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. त्या टप्प्याच्या दरात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून मग तुलना करा. इंडक्शन धरूनही महिन्याला शंभरच्या आत युनिट राहणाऱ्या घरात ते जमू शकतं, तीनशेच्या आसपास असणाऱ्यात जमत नाही. शिवाय अॅल्युमिनियमचा जुना कुकर त्यावर चालत नाही. नव्या भांड्यांचे पैसे कोणी हिशेबात धरत नाही, ते धरा.

आता धान्य. वर्षाची बेगमी करावी की नाही, यावर सरसकट उत्तर देता येत नाही. गहू मार्च-एप्रिलमध्ये नवा येतो, शाळू (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये, तूर डिसेंबरनंतर, आणि त्या दिवसांत भाव उतरलेले असतात हे खरं. पण फ्लॅटमध्ये कोरडी जागा लहान आणि पावसाळ्यात हवा दमट. गहू आणि लाल मिरच्या वर्षाच्या घ्याव्यात, तांदूळ सहा महिन्यांचा, तूरडाळ तीन-चार महिन्यांची. रवा, बेसन, पोहे आणि साखर महिन्याच्या वर नको. गहू चांगला वाळलाय का, हे दाताखाली दाणा धरून बघा: ‘कट’ असा आवाज येऊन तुटला तर वाळलेला, चेपला तर ओल आहे. गव्हाला दोन दिवस कडक ऊन द्या, पण गरम गहू डब्यात भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर डब्यात घाम धरतो आणि सोंडे तिथेच सुरू होतात. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये. दाण्याला चीर जाते आणि भात शिजताना कणी होते. तो सावलीतच वाळवायचा.

तूरडाळीला एरंडेलाचा हात लावण्याची जुनी रीत आजही सगळ्यांत स्वस्त आणि बिनधोक आहे. दहा किलो डाळीला ५० मिली एरंडेल पुरतं. परातीत थोडी-थोडी डाळ घेऊन दोन्ही तळहातांनी चोळायची, दाणा चमकला की झालं, चिकट होता कामा नये. मग एक ऊन. वापरताना डाळ कोमट पाण्याने दोनदा धुतली की तेल निघून जातं. बोरिक पावडर लावण्याची पद्धत सोडून द्या. नीट धुतलं न गेल्यास ती पोटात जाते. आणि धान्याच्या कोठारात वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावू शकतात. रवा-बेसनासाठी सोपा उपाय म्हणजे आणल्या आणल्या पुडा चार दिवस फ्रीझरमध्ये. आत अंडी असतील तर मरतात.

दळणाचा हिशेब असा. गहू ३८ रुपये आणि दळणावळ ६-७ रुपये धरली तर पीठ ४५ रुपये किलो पडतं, आणि कोंडा त्यातच राहतो. तयार पिठाचा पुडा ५५-६० धरला तर किलोला १०-१५ रुपयांचा फरक. चौघांच्या घरात रोज २०-२२ पोळ्या होतात, एका किलोत ३५ च्या आसपास पोळ्या बसतात; महिन्याला अठरा-एकोणीस किलो पीठ आणि दोन-अडीचशे रुपये वाचतात. गिरणीत दोन गोष्टी विचारून घ्या. चक्कीच्या दगडाला नुकतीच टाकी लावली (छिन्नीने टोचून खरबरीत केला) असेल तर त्या दिवशी दळण देऊ नका, पोळीत कचकच येते. आणि तुमच्या आधी कशाचं दळण झालं? बाजरीनंतर लगेच गहू पडला की पहिलं मापभर पीठ राखट होतं. घरी आल्यावर गरम पीठ ताटात पसरून निवू द्या.

ज्वारीचं पीठ मात्र पंधरा दिवसांपेक्षा जास्त दळून आणू नका, आणि बाजरीचं आठवड्यापेक्षा जास्त नको. बाजरीतल्या स्निग्धांशामुळे पीठ कडू होतं आणि मग ते नाइलाजाने टाकावंच लागतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. परातीत भाकरी थापायला घेतली की कडेला चिरा पडतात, वळवताना मधोमध दुभंगते, आणि तव्यावर पापुद्रा सुटत नाही. असं पीठ टाकू नका. एका भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ धरा, त्यात उकळतं पाणी घालून उलथण्याने कालवा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि मग तळहाताच्या पायथ्याने चांगलं मळा. गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुलतं आणि गेलेला चिकटपणा बराचसा परत येतो. तव्यावर टाकल्यावर वरून लावायचं पाणी सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. कोरडा राहिलेला भाग फुगत नाही आणि तिथेच भाकरी फुटते. एक अपसमज इथेच काढून टाकतो: भाकरी म्हणजे गरिबाचं स्वस्त अन्न हे आता खरं राहिलेलं नाही. मंगळवेढ्याकडची चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते. भाकरीत तेल वाचतं हे कबूल, पण केवळ पैशांसाठी पोळी सोडून भाकरीवर येत असाल तर आधी दुकानातला भाव विचारा.

डाळींच्या बाबतीत बरीच मोकळीक आहे. तूर, मूग, मसूर, हरभरा सगळ्यांत प्रथिनं २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान. म्हणून तूर महागली की आमटीत दोन भाग तूर आणि एक भाग मसूर करा. गोडा मसाला आणि चिंचगूळ पडल्यावर घरच्यांना कळतही नाही. साध्या वरणात मात्र कळतं, तिथे मूग मिसळा. दहा रुपयांत किती ग्रॅम प्रथिनं मिळतात ते बघा: हरभरा ८० रुपये किलो धरला तर २५ ग्रॅम, तूरडाळ १३० ने सुमारे १७, सात रुपयांच्या अंड्यातून साडेआठ-नऊ, दूध ६० रुपयांनी साडेपाच, पनीर ४०० रुपयांनी साडेचार. मुलांना प्रथिनं हवीत म्हणून आठवड्याला अर्धा किलो पनीर आणणाऱ्या घरात त्याच्या निम्म्या पैशांत उसळ आणि अंडी मिळून जास्त काम होतं. मोड विकत आणू नका. एक वाटी मटकीला आठ-दहा तास भिजवून, निथळून, फडक्यात घट्ट बांधलं की उन्हाळ्यात दहा-बारा तासांत आणि थंडीत दिवसभरात अडीच-तीन वाट्या मोड येतात. पावसाळ्यात मटकी बुळबुळीत होऊन वास येतो, कारण फडक्यात पाणी राहिलेलं असतं. पूर्ण निथळून कोरड्या फडक्यात बांधा आणि मध्ये एकदा धुवा.

दुधात हिशेब जरा वाकडा आहे. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३ टक्के. ‘घरचं तूप निघतं’ म्हणून लोक महाग दूध घेतात. रोज एक लिटर तापवून, फ्रीजमध्ये गार करून, साय नीट काढली तर लिटरमागे २५ ग्रॅमच्या आसपास तूप हाती लागतं, महिन्याला पाऊण किलो. दोन्ही दुधांतला फरक लिटरला १४ रुपये धरला तर महिन्याला ४२० रुपये जास्त जातात, आणि पाऊण किलो तूप ६५० रुपये किलोने झालं ४९० रुपयांचं. लोणी कढवायचा गॅस वजा केला की फायदा नावापुरता. पण ताक मिळतं आणि तूप कशाचं हे ठाऊक असतं. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर हे गणितच कोसळतं, त्यातलं फॅट इतकं बारीक फोडलेलं असतं की जाड साय धरतच नाही. तसं दूध मिळत असेल तर टोन्ड घ्या आणि तूप विकत आणा.

साय साठवताना पहिल्याच दिवशी डब्यात चमचाभर दही घाला आणि आठ दिवसांच्या वर ठेवू नका. बिनविरजणाची साय कडू होते आणि तो कडवटपणा तुपातही राहतो. घुसळताना लोणी येत नाही, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी तापमान असतं. नुसता मऊ फेस होऊन फुगत असेल तर गरम पडतंय, बर्फाचं पाणी घाला. कणी सुटतेय पण गोळा जमत नसेल तर गार पडतंय, थोडं कोमट पाणी. लोणी पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा, नाहीतर बेरी जास्त निघते. मंद आचेवर कढताना आधी मोठा तडतडाट असतो. तो थांबून बुडबुडे बारीक झाले आणि तळाची बेरी सोनेरी दिसली की लगेच गॅस बंद, कारण जाड भांडं पुढे दोन मिनिटं तापवतच राहतं. बेरीत साखर किंवा पोळीचा कुस्करा. मुलं ती शिल्लक ठेवत नाहीत.

गुरुवारच्या कंटाळ्याकडे परत येऊ. खर्चाचं हे सगळ्यांत मोठं छिद्र, आणि ते निश्चयाने बुजत नाही. वीस मिनिटांत होणारं काहीतरी डब्यात तयार हवं. थालीपिठाची भाजणी त्यासाठीच आहे. ज्वारी आणि बाजरी अर्धा-अर्धा किलो, तांदूळ, गहू आणि हरभराडाळ पाव-पाव किलो, उडीद १२५ ग्रॅम, धणे १०० ग्रॅम, जिरं २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद ते मध्यम आचेवर भाजायचा, कारण तांदूळ फुलायला लागतो तोवर त्याच कढईत बाजरी करपलेली असते. हरभराडाळ खमंग होऊन फोडल्यावर आतपर्यंत भाजलेली दिसली पाहिजे. जास्त भाजलं की भाजणी बांधली जात नाही आणि थालीपीठ उलटताना तुटतं. कमी भाजलं तर कचवट लागतं आणि डब्यात लवकर किडे होतात. गिरणीत जरा रवाळ दळायला सांगा. दोन किलो भाजणीत ६५ ग्रॅमचं एक या मापाने तीसेक थालीपिठं होतात, चौघांच्या चार रात्री निघतात. जोडीला आठवड्यातून एकदा जास्तीचे छोले किंवा राजमा उकडून, त्यांच्याच पाण्यासकट दोन डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवा. मागवलेलं जेवण यायला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात थालीपीठ-लोणी खाऊन भांडीही घासून होतात.

उरलेल्याची काळजी थोडक्यात. भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा, रात्रभर ओट्यावर राहिलेला फोडणी देऊनही सुरक्षित होत नाही. त्यातल्या जिवाणूंचं विष उष्णतेला दाद देत नाही. पोळ्यांचा कुस्करा कोणालाही सांगायला नको. भाजी दोन दिवसांपुरतीच आणा, पालेभाजी त्याच दिवशी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा. धुवून ठेवली तर सडते. दोडक्याच्या शिरा टाकू नका, थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, लसूण, मिरचीबरोबर भरड वाटल्या की दोन जेवणांची चटणी झाली. मटार घेताना लक्षात ठेवा की किलोभर शेंगांत दाणे निम्म्याहून कमीच निघतात. भावाची तुलना दाण्यांच्या वजनाने करा.

पुड्यांवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या. आता पॅकबंद वस्तूवर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति मिलीलिटर भाव छापणं बंधनकारक आहे, कारण कंपन्यांना कोणत्याही वजनाचा पुडा काढायची मोकळीक मिळाली. तेलाच्या पिशव्यांत हे नीट बघा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांपैकी एकीत ८५० ग्रॅमच असू शकतं, आणि ‘पाच रुपये कमी’ लिहिलेली नेमकी तीच असते. तेलाचा वापर मोजायला आठवड्याची वेगळी बाटली भरा: चौघांना अर्धा लिटर. बाटली शुक्रवारी संपली तर रविवारी भजी नाहीत, एवढा नियम पुरतो.

रेशनकार्डावर धान्य मिळत असेल तर ते जरूर आणा. त्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात पोषणवर्धित दाणे मिसळलेले असू शकतात; लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घालून ते तांदळाच्याच पिठापासून बनवतात. दिसायला वेगळे आणि कधीकधी पाण्यावर तरंगणारे म्हणून लोक त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून निवडून फेकतात. फेकू नका. रोजच्या भाताला तो तांदूळ जाड वाटत असेल तर इडली, घावन आणि भाजणीत तो चांगला लागतो, आणि तेवढा बाजारचा तांदूळ कमी येतो.

काही ठिकाणी पैसे वाचवायला जाऊ नका. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायचीच, वरून ठीक दिसली तरी. टाकी घेताना वजन करून मागा. टाकीवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन अधिक १४.२ इतकं भरलं पाहिजे. वरच्या पट्टीवर ‘बी-२७’ असं काही रंगवलेलं असतं ती टाकीच्या तपासणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. मुदत उलटलेली टाकी परत करा. कुकरचं गास्केट कडेने वाफ सोडायला लागलं की नवं आणा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा बसवा; पाणी आटल्यावर वितळून वाफ सोडणं हेच त्याचं काम आहे, तिथे दुसरं काही ठोकून बसवलं तर कुकर फुटू शकतो. ज्योत पिवळी होऊन भांड्यांची बुडं काळी पडत असतील तर बर्नर उतरवून सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. ओला बसवला तर फडफडतो आणि विझतो. नवी टाकी लावाल तेव्हा खडूने तिच्यावर तारीख लिहायला विसरू नका.